दात काढायचा आहे? आधीची तयारी आणि नंतरची काळजी

दात दुखायला लागला की आपल्याकडचा माणूस आधी मेडिकल स्टोअरमध्ये जातो. तिथल्या दोन गोळ्यांनी भागलं नाही की माझ्यासारख्या जनरल डॉक्टरकडे येतो, आणि दंतवैद्याची पायरी चढतो ती अगदी शेवटी. वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीत मी प्रॅक्टिस करतो. दात काढणं हे माझं काम नाही, ते दंतवैद्याचं. पण जाण्याआधीचा ‘बीपीची गोळी घेऊ का नको?’ आणि आल्यानंतरचा ‘रक्त थांबत नाही, काय करू?’ हे दोन्ही प्रश्न बहुतेक वेळा माझ्याकडे येतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो. किडलेली दाढ अँटिबायोटिकने बरी होत नाही. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की ती नस मरते आणि मुळाच्या टोकाशी पू धरतो. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, त्यामुळे रक्तातून जाणारं औषधही आतपर्यंत पोचत नाही. पाच दिवसांच्या गोळ्यांनी सूज उतरते, दुखणं थांबतं, आणि दोन महिन्यांनी तीच दाढ पुन्हा ठणकायला लागते. असे तीन-तीन, चार-चार कोर्स झालेले लोक माझ्याकडे येतात आणि ‘मागच्या वेळची ती गोळी लय चांगली होती, तीच द्या’ म्हणतात. अशा दाताला दोनच उपाय असतात: रूट कॅनल करून तो वाचवणं, नाही तर काढणं. वाचण्यासारखा असेल तर वाचवावा, आणि हे दंतवैद्याला मोकळेपणाने विचारावं. पण एकदा काढायचा ठरला की तो नीट तयारीने काढून घ्यावा.

खड्ड्यात काय होतं

दात निघाला की जबड्याच्या हाडात त्याच्या मुळांच्या आकाराचा खड्डा राहतो. काही मिनिटांत त्यात रक्त भरतं आणि गोठतं. ही रक्ताची गाठ म्हणजे त्या जखमेची पट्टी. हाताला जखम झाली तर आपण वरून पट्टी बांधतो, तोंडात ती बांधता येत नाही, म्हणून शरीर स्वतःच तयार करतं. गाठीखाली उघडं हाड आणि नसांची टोकं झाकलेली राहतात. पुढच्या आठवडाभरात तिच्या जागी नवीन मऊ पेशी वाढतात, तीन-चार आठवड्यांत वरची हिरडी मिटते आणि आतलं हाड भरायला चार ते सहा महिने लागतात.

खाली ज्या सूचना आहेत, त्यातल्या बहुतेक या एका गाठीसाठी आहेत. ती धरली पाहिजे, जागेवर टिकली पाहिजे आणि तिच्यात जंतू शिरता कामा नयेत. हे लक्षात राहिलं तर एखादी सूचना विसरली तरी काय करावं आणि काय टाळावं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

औषधांची पिशवी सोबत न्या

‘काही आजार आहे का?’ असं दंतवैद्याने विचारलं की बरेच जण सरळ ‘नाही’ म्हणतात. त्यांच्या मनात हिशोब असा असतो की बीपी गोळीने ताब्यात आहे, म्हणजे तो आजार राहिला नाही. शिवाय दाताचा आणि हृदयाचा काय संबंध? म्हणून माझं सांगणं असं की तोंडी काही सांगू नका. घरात ज्या गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटं, इन्सुलिनचं पेन, दम्याचा पंप, जुनी फाइल, सगळं एका पिशवीत भरा आणि समोर ठेवा. आयुर्वेदिक किंवा कुणी पुडीत बांधून दिलेलं औषध असेल तर तेही ठेवा. कुठल्या औषधाची अॅलर्जी असेल, विशेषतः पेनिसिलिनची, तर ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून न्या.

या पिशवीतलं सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. अँजिओप्लास्टी झालेल्यांना, लकवा येऊन गेलेल्यांना, हृदयाची झडप बदललेल्यांना ती चालू असते. लोकांना एवढं माहीत असतं की या गोळीने रक्त थांबत नाही. म्हणून दात काढायच्या चार-पाच दिवस आधी ते कुणालाही न विचारता गोळी बंद करून टाकतात. हे फार धोक्याचं आहे. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना एक-दोन दात साध्या पद्धतीने काढता येतात. रक्त थोडा जास्त वेळ येतं, पण ते दाबून, टाका घालून, औषधी स्पंज ठेवून थांबवता येतं. गोळी बंद केल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जाऊ शकतो. हिरडीतलं रक्त बोटाने दाबून थांबवता येतं, मेंदूत अडकलेली गुठळी कुणाला दाबता येत नाही.

वॉरफॅरिन किंवा अॅसेनोकुमारॉल या गोळ्यांचं थोडं वेगळं आहे. त्यासाठी पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी करायची, शक्यतो दात काढायच्या आदल्या दिवशी. आकडा नेहमी स्थिर असणाऱ्यांना ७२ तासांपर्यंतचा रिपोर्टही चालतो. आकडा ४ च्या खाली असेल तर साधा दात गोळी बंद न करता काढता येतो, मात्र बरेच दंतवैद्य तो ३ ते साडेतीनच्या आत असेल तरच हात लावतात. नव्या प्रकारच्या गोळ्यांमध्ये, म्हणजे अॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रानमध्ये, कधी कधी त्या दिवशीचा सकाळचा डोस पुढे ढकलायला सांगतात. तो निर्णय गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा आहे, शेजाऱ्याचा नाही. आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट: दातासाठी मेट्रोनिडाझोल ही गोळी सर्रास दिली जाते, आणि वॉरफॅरिन किंवा अॅसेनोकुमारॉलसोबत ती घेतली तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होतं. पिशवी समोर असेल तर दंतवैद्य दुसरं औषध निवडतील. (मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात चालत नाही, हे ज्याला लागू असेल त्याने वाचून ठेवावं.)

बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी घ्यायची. ‘आज उपाशी जायचं असेल’ म्हणून ती न घेता गेलेल्या माणसाचं बीपी खुर्चीवर बसल्यावर आणखी चढतं, आणि ते १८०/११० च्या वर गेलं तर दंतवैद्य परत पाठवतात. ते बरोबरच करतात.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ मागून घ्या. नाश्ता करा, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घ्या आणि मग जा. डोस घेतला आणि भूल उतरेपर्यंत चार तास काही खाल्लंच नाही तर साखर खाली येते: घाम, थरथर, चक्कर. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर असू द्या. साखर सतत वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, म्हणून घाई नसेल तर आधी ती ताब्यात आणावी. पण दाढेत पू असेल तर उलटं असतं. तो पूच साखर वाढवत असतो, आणि साखर कमी होण्याची वाट बघत बसलं तर ती कमी होत नाही. अशा वेळी दंतवैद्य आणि तुमचे डॉक्टर यांनी एकमेकांशी फोनवर बोलावं. तुम्ही दोघांचे नंबर एकमेकांना द्या.

आपल्या विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करतो. फक्त वाहक असाल तर साधारणपणे अडचण येत नाही, तरी सांगावं. आजार असेल तर उपाशी राहणं, पाणी कमी पडणं, थंडी वाजणं आणि जंतुसंसर्ग या चारही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. दात काढायच्या आधी भरपूर पाणी प्या, नंतर गालावर बर्फ लावू नका, आणि शक्यतो अशा ठिकाणी काढून घ्या जिथे दंतविभाग आणि मोठं रुग्णालय एकाच आवारात आहे. सावंगी मेघे इथे डेंटल कॉलेज आणि रुग्णालय जवळजवळ आहेत, त्यामुळे जिल्ह्यातल्या रुग्णांना त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही.

बाकीचं थोडक्यात. झडप बदललेली असेल किंवा हृदयाच्या आतल्या भागाला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल तर दात काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक मोठा डोस लागतो. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय खुर्चीवर बसू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण त्या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. डायलिसिस चालू असेल तर दात डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढावा. गरोदर असाल तर चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण पू झाला असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार थांबवायचा नसतो. आणि अंगात ताप असेल, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची साथ चालू असताना, तर आधी प्लेटलेट तपासा. प्लेटलेट घसरलेल्या माणसाचा दात काढला की रक्त थांबवणं अवघड होतं.

खर्ऱ्याबद्दल स्पष्ट बोलतो

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्या कुठल्याही चौकात मिळतो. दात काढण्याच्या बाबतीत हा खर्रा तीन ठिकाणी आडवा येतो.

पहिली अडचण तोंडच उघडत नाही ही. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी पांढरी, चामड्यासारखी कडक होत जाते आणि तोंड हळूहळू बंद होत येतं. आत्ता वाचता वाचताच करून बघा: आपली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर दात दुखत असो वा नसो, दंतवैद्याला दाखवा. बोटभरच उघडणाऱ्या तोंडातून मागची दाढ काढणं म्हणजे बाटलीच्या तोंडातून आतली गोटी काढण्यासारखं आहे.

दुसरी अडचण दात काढल्यावर येते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, खड्ड्यात रक्त नीट भरत नाही आणि गाठ कच्ची राहते. वर सुपारीचे टोकदार कण जखमेत शिरतात, आणि खर्रा खाणारा माणूस दर पाच मिनिटांनी थुंकतो. थुंकताना तोंडात जी ओढ तयार होते तिने गाठ उपटून येते. विडी-सिगारेटच्या झुरक्याने तेच होतं. मशेरी, गुल, गुडाखू लावणाऱ्या बायका ‘आम्ही तंबाखू खात नाही’ म्हणतात, पण त्यांनाही हे सगळं लागू आहे. दात काढल्यावर किमान सात दिवस यातलं काहीही तोंडात घालू नका. सात दिवस सुटलं तर पुढचंही सुटू शकतं. त्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत फोन नंबर आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

तिसरी अडचण सगळ्यात गंभीर. खर्रा खाणाऱ्या माणसाचा एखादा दात कीड नसताना, मार लागलेला नसताना हलायला लागला आणि त्याच्या शेजारी हिरडीवर फोड, गाठ किंवा न भरणारी चकती असेल, तर तो दात कुणाकडूनही नुसता ओढून घेऊ नका. तो कॅन्सर असू शकतो. तिथे आधी तुकडा तपासायला द्यायचा असतो. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर बसून दात काढणाऱ्याकडे किंवा ‘डिग्री नाही पण हात चांगला आहे’ असं ज्याच्याबद्दल सांगतात त्याच्याकडे अजिबात न जाण्याची बरीच कारणं आहेत, त्यातलं हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

त्या दिवशी

उपासाच्या दिवशी दात काढायला जाऊ नका. फक्त जागेवरची भूल देणार असतील तर पोटभर साधं जेवण करून, दात घासून जा. पूर्ण भूल देणार असतील, जसं अडकलेल्या अक्कलदाढेसाठी कधी देतात, तर किती तास उपाशी राहायचं ते तेच सांगतील. सोबत कुणीतरी असावं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळची वेळ घ्या. काढून झाल्यावर भर उन्हात मोटरसायकलवर गावाकडे निघालेला माणूस अर्ध्या वाटेत चक्कर येऊन बसलेला मी बघितला आहे.

भुलीचं इंजेक्शन टोचतं, ते थोडं दुखतं. नंतर ओठ आणि जीभ जड होते. दात काढताना दाब जाणवतो, कडकड आवाज येतो, डोकं हलतं, पण दुखायला नको. दुखलं तर हात वर करा, आणखी भूल देता येते. सहन करत बसण्यात काही मोठेपणा नाही.

वरची दाढ काढायची म्हटली की पेशंट, निम्म्या वेळा पेशंटची आई, हळूच विचारते, ‘डॉक्टरसाहेब, डोळ्याले तं काही होणार नाही ना?’ नाही होत. दातांच्या संवेदनेची नस वेगळी, नजरेची वेगळी. दात काढल्याने नजर जात नाही. दात काढायचं वय आणि जवळचा चष्मा लागायचं वय साधारण एकच असतं, म्हणून ही समजूत टिकून आहे. याच भीतीपोटी लोक वरच्या दाढेतला पू वर्षानुवर्षं सांभाळतात, आणि तो मात्र पसरत डोळ्याखालपर्यंत सूज आणू शकतो.

पहिले चोवीस तास

खड्ड्यावर गॉझचा बोळा ठेवतात. तो अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबलं का’ बघायचं नाही, कारण प्रत्येक वेळी बोळ्यासोबत नुकती धरलेली गाठ निघते. बोलायचं कमी. फोनवर पाच नातेवाइकांना हकिकत सांगायचं काम दुसऱ्या दिवशी करा.

बोळा काढल्यावर त्या दिवशी थुंकीत लालसर रंग येतो. थोडं रक्त भरपूर लाळेत मिसळलं की खूप दिसतं. ती लाळ गिळायची, थुंकायची नाही. आमच्याकडे जखमेचं रक्त गिळायचं नाही अशी समज आहे, त्यामुळे माणसं रात्रभर तसराळं घेऊन थुंकत बसतात आणि जेवढं थुंकतात तेवढं रक्त येत राहतं. खरोखर वाहायला लागलं तर स्वच्छ गॉझ किंवा उकळून वाळवलेल्या सुती कापडाची घडी ओली करून बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि घड्याळ लावून वीस-तीस मिनिटं चावून धरा. बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं.

पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, गुळण्या करायच्या नाहीत, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, गरम चहा नाही, दारू नाही. बोट किंवा जीभ लावून खड्डा चाचपायचा नाही. खड्ड्यात हळद, तुरटी, लवंगेचं तेल, तंबाखूची पूड, अॅस्पिरिनची गोळी यातलं काहीही भरायचं नाही. अॅस्पिरिन हिरडीवर ठेवल्याने हिरडी भाजते आणि पांढरी पडते.

गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, तेवढाच वेळ काढून ठेवा, असं पहिल्या दिवशी तीन-चार वेळा. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. दोन दिवस वाकून करायची कामं, पोती उचलणं, विहिरीचं पाणी ओढणं टाळा. डोक्याकडे रक्ताचा दाब वाढला की थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत हे सांगणं सोपं आहे आणि पाळणं कठीण, याची मला कल्पना आहे. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी हंगामाआधीच दाताचं काम उरकून घ्यावं.

लहान मुलांच्या बाबतीत भूल उतरेपर्यंत लक्ष ठेवा. बधिर ओठ गंमत म्हणून चावून चावून मुलं तो सुजवून घेतात.

खाणं आणि गुळण्या

भूल उतरल्यावर थंड किंवा कोमट, मऊ, बिनतिखट खा. वरण-भात कालवून, मऊ खिचडी, दही, ताक, आंबील, केळं, शिरा. गिळताना दुसऱ्या बाजूने घ्या. भाकर दुधात किंवा वरणात पूर्ण भिजवली तर तिसऱ्या दिवसापासून चालते. चिवडा, शेंगदाणे, फुटाणे, भाजलेली कणसं आठवडाभर नकोत, त्यांचे तुकडे खड्ड्यात जाऊन बसतात. तर्रीपोहा आणि सावजी रस्सा आठ दिवस थांबू शकतो.

दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून चार-पाच वेळा. खळखळून चूळ भरायची नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान त्या बाजूला कलवायची, अर्धा मिनिट ठेवायचं आणि तोंड उघडून बेसिनमध्ये पडू द्यायचं. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासून मऊ ब्रशने घासा, फक्त खड्ड्याची जागा सोडा. वरची मागची दाढ काढली असेल तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नका. तिथे दाढेच्या मुळांच्या आणि सायनसच्या मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो. पाणी पिताना ते नाकातून यायला लागलं तर तसं दंतवैद्याला सांगा.

दुखणं, गोळ्या आणि ड्राय सॉकेट

पहिली गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधीच घ्या. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर याहून कमी. वेदनेच्या बऱ्याच जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेव्हा पाकिटावरचं नाव वाचा, नाही तर नकळत दुप्पट जातं. आयबुप्रोफेन दातदुखीला चांगलं काम करतं, पण किडनीचा त्रास, अल्सर, वेदनाशामकाने उठणारा दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण यातलं काही असेल तर ते स्वतःहून घेऊ नका. डेंग्यूची शंका असेल तरीही नाही. अँटिबायोटिक प्रत्येक दात काढल्यावर लागतंच असं नाही. दंतवैद्याने दिलं नाही तर ते विसरलेले नसतात. दिलं असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्या.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. दुखणं मात्र रोज थोडं कमी व्हायला हवं. ते कमी होता होता तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानाकडे आणि कानशिलाकडे ठणका जायला लागला, तोंडाला घाण वास आणि चव आली, गोळीनेही झोप लागेना, तर गाठ निघून गेली आहे आणि खड्ड्यातलं हाड उघडं पडलं आहे असं समजा. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढांमध्ये, त्यातही अक्कलदाढेत, आणि तंबाखूवाल्यांमध्ये हे जास्त दिसतं. यात सहसा ताप नसतो, पू नसतो, म्हणून अँटिबायोटिक बदलून घेण्यात अर्थ नाही. माझ्याकडे ‘जास्त पॉवरची गोळी’ मागायला येऊ नका, दंतवैद्याकडे परत जा. ते खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात आणि बऱ्याच जणांना त्याच दिवशी मोठा आराम पडतो. पट्टी एक-दोनदा बदलावी लागते.

कधी थांबायचं नाही

दोनदा अर्धा-अर्धा तास दाबूनही रक्त वाहतंच असेल, सूज चौथ्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप आणि थंडी असेल, तर त्याच दिवशी दाखवा. जिभेखालचा भाग आणि हनुवटीखालचा गळा टणक सुजला, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा श्वास घ्यायला उठून बसावं लागलं, तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. जबड्यातला पू गळ्यात उतरला की काही तासांत श्वासाची वाट बंद होऊ शकते. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी किंवा वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. हे दात काढलेल्यांना होतं त्यापेक्षा दात न काढता गोळ्यांवर दिवस काढणाऱ्यांना जास्त होतं.

टाके घातले असतील आणि ते विरघळणारे नसतील तर साधारण सातव्या दिवशी काढायला जा. खालचा ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर तेव्हाच सांगा. खड्डा दोन-तीन महिने बोटाला खोलगट लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण चार आठवड्यांनंतरही तो उघडा असेल, त्यातून मांसासारखं काही वर येत असेल, हाड दिसत असेल किंवा रक्त येत असेल, आणि त्यातून तुम्ही खर्रा खाणारे असाल, तर दंतवैद्याला ‘याचा तुकडा तपासायचा का?’ असं स्वतः विचारा.

गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवायचा की नाही, हे जखम भरल्यावर ठरवता येतं. अक्कलदाढेच्या जागी काही बसवायची गरज नसते. चावायची दाढ गेली असेल तर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि समोरचा दात लांबत येतो, म्हणून तीन महिन्यांच्या आसपास दंतवैद्याला एकदा जागा दाखवून या. काढता-घालता येणारी कवळी, ब्रिज आणि इम्प्लांट यांच्या खर्चात बराच फरक असतो. तिन्हींचा खर्च विचारा आणि घरी बोलून ठरवा.